शिखराचा प्रॉमिनन्स कसा मोजतात? मुलांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

डोंगराची उंची किती, हे पुस्तकात लगेच सापडतं. पण ते शिखर आपल्या शेजाऱ्यांतून किती वर उठलेलं आहे, हे उंचीच्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रॉमिनन्स हे वेगळं माप वापरतात. हे माप काढायला शेवटी फक्त एक वजाबाकी करावी लागते. मात्र ती कोणत्या आकड्याची करायची, हे शोधण्यात सगळी गंमत आहे आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

प्रॉमिनन्स म्हणजे नेमकं काय?

समजा, तुम्ही एका शिखराच्या माथ्यावर उभे आहात. तिथून निघून त्याहून उंच अशा दुसऱ्या कुठल्याही जागी चालत जायचं आहे. मग आधी खाली उतरावंच लागेल. सगळ्यांत सोयीची वाट निवडली तरी कमीत कमी जितकं खाली उतरावं लागतं, तितका त्या शिखराचा प्रॉमिनन्स.

एक शिखर ७०० मीटर उंच आहे. शेजारी ९०० मीटरचं शिखर आहे आणि दोघांच्या मधली खिंड ४५० मीटरवर आहे. ७०० मीटरच्या शिखरावरून मोठ्या शिखराकडे जाताना ४५० पर्यंत उतरावं लागतं, म्हणून त्याचा प्रॉमिनन्स ७०० − ४५० = २५० मीटर.

९०० मीटरच्या शिखराचा प्रॉमिनन्स या माहितीवरून काढता येणार नाही. त्याच्याहून उंच शिखर कुठे आहे आणि तिकडे जाताना कुठली खिंड लागते, हे आधी शोधावं लागेल.

उंची माहीत असताना हे दुसरं माप कशाला?

ल्होत्से हे जगातलं चौथ्या क्रमांकाचं उंच शिखर, उंची ८५१६ मीटर. ते एव्हरेस्टला अगदी लागून आहे आणि दोघांना जोडणारी साउथ कोल ही खिंड सुमारे ७९०६ मीटरवर आहे. म्हणजे ल्होत्सेचा प्रॉमिनन्स अवघा ६१० मीटर. आता किलिमांजारो बघा. उंची ५८९५ मीटर, ल्होत्सेपेक्षा अडीच हजार मीटरहून जास्त बुटकं. पण त्याचा प्रॉमिनन्स ५८८५ मीटर आहे. आफ्रिकेत त्याच्याहून उंच काहीच नाही, त्यामुळे उंच जागा गाठायची तर पार सुएझपर्यंत, जवळजवळ समुद्राच्या पातळीला, उतरून आशियात जावं लागतं.

नुसत्या उंचीची यादी केली तर मोठ्या पर्वताच्या खांद्यावरचे छोटे उंचवटेही वरचे क्रमांक पटकावतात. प्रॉमिनन्समुळे कळतं की कुठलं शिखर स्वतंत्र आहे आणि कुठलं शेजाऱ्याच्या आधारानं उंच झालं आहे.

खिंड नेमकी कोणत्या जागेला म्हणायचं?

दोन शिखरांना जोडणाऱ्या धारेवरून चालत गेलात, की धार आधी उतरत जाते आणि मग पुन्हा चढू लागते. उतार संपून चढ सुरू होतो तो बिंदू म्हणजे खिंड. धारेच्या दिशेनं पाहिलं तर ती सगळ्यांत खालची जागा असते, पण धारेला आडवं पाहिलं तर तीच सगळ्यांत वरची असते, कारण दोन्ही बाजूंना दऱ्या उतरत गेलेल्या असतात. खिंडीत उभं राहून चारी दिशांना बघितलं तर समोरासमोरच्या दोन दिशांना चढ आणि उरलेल्या दोन दिशांना उतार दिसायला हवा. सगळीकडे चढ दिसला तर तो खळगा आहे, खिंड नव्हे.

नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, खिंडीजवळ डमरूसारख्या दिसतात. दोन्ही बाजूंना फुगलेल्या आणि मध्ये जवळ आलेल्या. ती बारीक कंबर म्हणजे खिंड.

शिखरापासून अनेक वाटा निघत असतील, तर कुठली खिंड धरायची?

हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा.

समजा, एका शिखरावरून उंच जागी जाणाऱ्या तीन वाटा आहेत. पहिल्या वाटेवरची सगळ्यांत खालची जागा ३२० मीटरवर आहे, दुसऱ्या वाटेवरची ४१० वर आणि तिसऱ्या वाटेवरची ५०५ वर. कमीत कमी उतरायचं म्हटल्यावर तिसरी वाट घ्यायची. ती कितीही लांब आणि वळणावळणाची असली तरी चालेल. म्हणून ५०५ मीटरवरची खिंड ही या शिखराची निर्णायक खिंड.

म्हणजे काम दोन टप्प्यांत करायचं: प्रत्येक वाटेवरची सगळ्यांत खालची जागा शोधायची आणि त्या सगळ्या जागांतली सगळ्यांत उंच जागा निवडायची. मुलं इथे तीन प्रकारे चुकतात. काही जण सगळ्यांत जवळच्या उंच शिखराकडे जाणारी वाट धरतात, पण जवळची वाट खोल दरीतून जात असेल तर ती उपयोगाची नाही. काही जण सगळ्यांत उंच खिंड निवडतात आणि ती उंच शिखराकडे जाते की बुटक्या टेकडीकडे, हे बघायचं विसरतात. आणि पुष्कळ जण पायथ्याच्या गावापासून उंची मोजतात, जिचा प्रॉमिनन्सशी काहीच संबंध नाही.

हे डोळ्यांसमोर आणायची सोपी युक्ती आहे का?

आहे. मनातल्या मनात समुद्र वर वर चढवत न्या. पाणी वाढेल तशी सखल जमीन बुडेल आणि डोंगरांची बेटं होतील. तुमचं शिखर ज्या बेटावर आहे, त्या बेटावर ते सगळ्यांत उंच ठरेपर्यंत पाणी चढवत राहा. ज्या क्षणी उंच शेजाऱ्याशी जोडणारा जमिनीचा शेवटचा पट्टा पाण्याखाली जातो, तिथे थांबा. तो पट्टा म्हणजे निर्णायक खिंड. त्या क्षणी पाण्याच्या वर शिखराचा जेवढा भाग उरला, तेवढा त्याचा प्रॉमिनन्स.

मग एव्हरेस्टचा प्रॉमिनन्स किती? त्याच्याहून उंच तर काहीच नाही!

बरोबर, म्हणून त्याला निर्णायक खिंडच नाही. अशा वेळी संकेत म्हणून समुद्रसपाटीपासूनची उंचीच प्रॉमिनन्स धरतात: ८८४८.८६ मीटर. ही उंची नेपाळ आणि चीन यांनी २०२० मध्ये जाहीर केली.

चहूबाजूंनी समुद्र असलेल्या भूभागावरच्या सगळ्यांत उंच शिखरालाही हाच नियम लागतो, कारण उंच जागी जायचं तर समुद्राच्या पातळीपर्यंत उतरावंच लागतं. जपानच्या होन्शू बेटावरचा फुजी ३७७६ मीटर उंच, प्रॉमिनन्सही ३७७६ मीटर. उत्तर आणि दक्षिण अमेरिका मिळून जमिनीचा एकच सलग भाग होतो. त्यावर सगळ्यांत उंच अकोंकाग्वा, ६९६१ मीटर. म्हणून त्याचा प्रॉमिनन्सही ६९६१ मीटर आणि या यादीत जगात दुसरा क्रमांक. उंचीत दुसरा असलेला केटू इथे पहिल्या दहांतही येत नाही.

केटू इतका उंच, मग तो मागे का पडतो?

केटूची उंची ८६११ मीटर. त्याच्याहून उंच एकच शिखर, एव्हरेस्ट, तेही तेराशेहून जास्त किलोमीटर लांब. पण मधला सगळा प्रदेशच उंचावर आहे. केटूपासून एव्हरेस्टपर्यंत सोयीची वाट धरली तर सगळ्यांत खालची जागा नेपाळ आणि तिबेटच्या सीमेवर, कोरा ला या खिंडीपाशी, सुमारे ४५९० मीटरवर येते. ८६११ मधून ते वजा केले की साधारण ४०२० मीटर उरतात.

निर्णायक खिंड शिखराच्या जवळ असेलच असं नाही, हे यावरून लक्षात येईल. याची आणखी काही उदाहरणं फार सुंदर आहेत. नंगा पर्वताची निर्णायक खिंड म्हणजे काश्मीरहून लडाखला जाताना लागणारी झोजी ला. युरोपातल्या माँ ब्लांची खिंड आल्प्समध्ये नाही, ती रशियाच्या वायव्य भागात, सरोवरांच्या सखल प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे ११३ मीटरवर आहे, कारण माँ ब्लांपेक्षा उंच जागा गाठायची तर कॉकेशसकडे जावं लागतं आणि कमीत कमी उतरायची वाट उत्तरेकडून वळसा घेते. अलास्कातल्या देनालीची खिंड तर निकाराग्वात आहे! देनाली ६१९० मीटर उंच, खिंड साधारण ५० मीटरवर, म्हणून प्रॉमिनन्स सुमारे ६१४० मीटर.

नकाशावरून प्रॉमिनन्स कसा काढायचा?

समोच्च रेषा असलेला नकाशा, दोन रंगांच्या पेन्सिली आणि खोडरबर घ्या.

१. नकाशाच्या कोपऱ्यात दोन रेषांमधलं अंतर किती मीटरचं आहे ते वाचा. आपण २० मीटर धरू.
२. शिखराभोवतीची सगळ्यांत आतली बंद रेषा शोधा. तिची उंची लिहा, समजा ८६०.
३. आता एकेक रेषा खाली उतरा. प्रत्येक रेषेवरून लाल पेन्सिल पूर्ण फिरवून बघा, की ती फक्त तुमच्या शिखराला वेढते की एखाद्या उंच शिखरालाही आपल्यात घेते.
४. उंच शिखराला आत घेणारी पहिली रेषा सापडली, समजा ६२०, की थांबा. तिच्या वरची ६४० ची रेषा दोघांभोवती वेगवेगळी आहे. म्हणजे खिंड ६२० आणि ६४० यांच्या मध्ये कुठेतरी आहे. ती जागा निळ्या पेन्सिलीनं खुणावा.
५. आता हिशोब करा.

शिखरावर किंवा खिंडीवर नेमकी उंची छापलेली असेल तर तोच आकडा घ्या. नसेल तर एकच उत्तर देता येत नाही. शिखर ८६० पेक्षा उंच आहे पण ८८० पर्यंत पोचत नाही. म्हणून प्रॉमिनन्स कमीत कमी ८६० − ६४० = २२० मीटर आणि जास्तीत जास्त ८८० − ६२० = २६० मीटर. दोन्ही ठिकाणी मधला आकडा धरला तर ८७० − ६३० = २४०. वहीत तिन्ही आकडे लिहा. नुसतं २४० लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही नेमकं मोजलं आहे, प्रत्यक्षात ते २० मीटर इकडे किंवा तिकडे असू शकतं.

तिसऱ्या पायरीत रेषा नकाशाच्या कडेला जाऊन तुटली तर शेजारचा नकाशा जोडल्याशिवाय पुढे जाऊ नका. अंदाजानं जोडलेली रेषा हमखास चुकते.

वर्गात करून बघण्यासारखा प्रयोग आहे का?

आहे, आणि एकदा केला की विषय पक्का बसतो. निदान १२ सेंटिमीटर खोल, ३० ते ३५ सेंटिमीटर लांब असा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा, साधारण एक किलो तेलकट क्ले, सेंटिमीटरची पट्टी, तांब्याभर रंगीत पाणी आणि चिकटपट्टी एवढं लागेल. साधी माती घेऊ नका, ती पाण्यात विरघळते आणि खिंडी खचतात.

क्लेचे तीन डोंगर एका रांगेत करा: अ १० सेंटिमीटर, ब ८, क ६. अ आणि ब यांना जोडणारी धार तळापासून ३ सेंटिमीटर उंच ठेवा, ब आणि क यांना जोडणारी ५ सेंटिमीटर. धारेची जाडी निदान २ सेंटिमीटर असू द्या. सगळं एकाच गोळ्यातून ओढून काढलेलं बरं. वेगवेगळे तुकडे चिकटवले तर सांध्यांतून पाणी झिरपतं आणि तळ नीट दाबला नसेल तर डोंगर सुटून तरंगायला लागतो. डब्याच्या बाहेरून पट्टी उभी चिकटवा. तिचा शून्य डब्याच्या आतल्या तळाशी जुळायला हवा.

आता कडेनं हळूहळू पाणी ओता. तळ म्हणजे आपली समुद्रसपाटी. पाणी ३ सेंटिमीटरवर आलं की अ वेगळा होतो. ब आणि क अजून एकाच बेटावर आहेत आणि त्या बेटावर ब उंच आहे. म्हणून ब चा प्रॉमिनन्स ८ − ३ = ५. पाणी ५ वर पोचलं की क सुटा होतो. त्याचा प्रॉमिनन्स ६ − ५ = १. अ सगळ्यांत उंच, त्याचे पूर्ण १०. पाण्याची पातळी वाचताना डोळा पातळीच्या रेषेत आणा, वरून बघितलंत तर दोन-तीन मिलिमीटरची चूक सहज होते.

यानंतरचा भाग चुकवू नका. पाणी काढा, क पुसून कोरडा करा आणि त्याच्या माथ्यावर क्ले लावून तो ९ सेंटिमीटरचा करा. ब ला हात लावायचा नाही. पुन्हा पाणी भरा. ३ वर अ वेगळा होईल, पण ब-क बेटावर आता क उंच आहे, म्हणून क चा प्रॉमिनन्स ९ − ३ = ६. आणि ५ वर ब सुटा होईल, त्याचा ८ − ५ = ३. ब च्या उंचीत एक मिलिमीटरचाही फरक पडला नाही, तरी त्याचा प्रॉमिनन्स ५ वरून ३ वर आला. शिखराचा प्रॉमिनन्स त्याच्या शेजाऱ्यांवरही अवलंबून असतो, हे इथे डोळ्यांनी दिसतं.

खऱ्या टेकडीवर मोजता येईल का?

लहान टेकडीवर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन जरूर मोजा. आधी नकाशावरून निर्णायक खिंड ठरवा, मगच बाहेर पडा.

चपट्या पारदर्शक बाटलीत अर्धं रंगीत पाणी भरा. बाटली आडवी धरून डोळ्यासमोर आणा. पाण्याची जवळची आणि लांबची कड एका रेषेत दिसली की तुमची नजर अगदी आडवी आहे. खिंडीत उभं राहून चढावर ही नजर जिथे टेकते ती जागा लक्षात ठेवा, एखादा दगड किंवा झुडूप बघून ठेवा. मग चालत जाऊन तिथे उभे राहा. दर वेळी तुम्ही आपल्या डोळ्यांच्या उंचीइतके वर चढता. डोळ्यांची उंची १.३० मीटर असेल आणि १४ वेळा असं केलं, तर १८.२० मीटर झाले. शेवटी माथा नजरेच्या खाली येईल. तिथे मित्राला काठी उभी धरायला सांगा. नजर काठीवर जमिनीपासून ०.८० मीटरवर टेकली, तर उरलेला चढ १.३० − ०.८० = ०.५० मीटर. एकूण १८.७० मीटर.

पाय उंचावून बघू नका. पाठ वाकवूनही नाही. दर नजरेला ५ सेंटिमीटरची चूक एकाच बाजूला झाली तर १४ वेळांत ७० सेंटिमीटर जमा होतात. म्हणून वेगळ्या उंचीच्या मित्रानं सगळं पुन्हा मोजावं. दोघांची उत्तरं मीटरभरात जुळली तर काम चांगलं झालं.

टेकडी मोठी असेल तर हवेचा दाब मोजणारं यंत्र वापरता येतं. समुद्रसपाटीजवळ साधारण ८ मीटर वर गेलं की दाब १ हेक्टोपास्कलनं कमी होतो. काही फोनमध्येही हा सेन्सर असतो. अडचण एवढीच, की हवामान बदललं तरी दाब बदलतो. त्यावर उपाय: खिंडीत मोजा, माथ्यावर मोजा आणि परत येऊन खिंडीत मोजा. खिंडीतल्या दोन्ही आकड्यांची सरासरी घ्या. फोनच्या जीपीएसनं दाखवलेली उंची मात्र या कामाला पुरत नाही, ती दहा-पंधरा मीटरनंही चुकू शकते.

जगातल्या सगळ्या शिखरांचा प्रॉमिनन्स कोण मोजतं?

हे काम आता संगणक करतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानानं ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारनं जमिनीच्या उंचीचा नकाशा तयार केला. त्यात सुमारे ३० मीटर अंतरावरच्या प्रत्येक बिंदूची उंची आहे, साधारण ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण या पट्ट्यातली.

संगणक पाणी भरण्याऐवजी उपसतो. सगळं जग एव्हरेस्टच्याही वरपर्यंत बुडालेलं आहे असं धरून तो पातळी खाली आणतो. एकेक शिखर बेट म्हणून वर येतं आणि बेटं वाढत जातात. दोन बेटं जिथे पहिल्यांदा एकमेकांना टेकतात, ती खिंड. त्या क्षणी दोन बेटांवरच्या सर्वोच्च शिखरांतलं जे बुटकं, त्याचा हिशोब पूर्ण होतो: त्याची उंची वजा खिंडीची उंची. उंच शिखराचं बेट पुढे वाढत राहतं. २०१७ मध्ये अँड्र्यू कर्मसी आणि जोनाथन दे फेरांती यांनी अशा पद्धतीनं साऱ्या जगाचा हिशोब मांडला. त्यात लाखो शिखरं आली.

एकाच शिखराचे वेगवेगळे आकडे का सापडतात?

कारणं बरीच आहेत. ३० मीटरच्या जाळीत टोकदार सुळक्याचा नेमका माथा दोन बिंदूंच्या मध्ये निसटतो, मग शिखर बुटकं दिसतं. रडार दाट झाडीच्या शेंड्यांवरून परत फिरतं. माथा उघडा आणि खिंडीत २० मीटरचं जंगल असेल, तर खिंड जवळजवळ तेवढी उंच दिसते आणि प्रॉमिनन्स तितका कमी येतो. पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचणारी लेसरची मोजणी इथे जास्त भरवशाची. बर्फाचे माथेही बदलत राहतात. माँ ब्लांची उंची २०२१ मध्ये ४८०७.८१ मीटर भरली होती, २०२३ मध्ये ४८०५.५९.

सगळ्यांत मोठा घोळ जुळ्या शिखरांचा. दोन शेजारी शिखरं १२०४ आणि १२०३ मीटरची आहेत, मधली खिंड ११०० वर आहे आणि दोघांना बाकीच्या उंच प्रदेशाशी जोडणारी खिंड ३०० वर. पहिल्याचा प्रॉमिनन्स ९०४ मीटर, दुसऱ्याचा फक्त १०३. मोजणीत दोन मीटरची चूक झाली आणि दुसरं शिखर उंच ठरलं, की नऊशेचा मान त्याच्याकडे जातो! कोलंबियातल्या क्रिस्तोबाल कोलोन आणि सिमोन बोलिव्हार या शिखरांचं असंच आहे. दोघांच्या उंचीत फरक अगदी थोडा, पण जो उंच ठरेल त्याला साडेपाच हजार मीटरच्या आसपास प्रॉमिनन्स मिळतो.

कालवे, बोगदे, इमारती धरायच्या का?

नाही. नैसर्गिक जमीन धरायची. सुएझ आणि पनामाचे कालवे माणसानं खणले आहेत, म्हणून तिथे कालवा नसताना जमीन जेवढी होती तीच खिंडीची उंची मानतात. माथ्यावरचे मनोरे, मंदिरं, झाडंही उंचीत येत नाहीत. कायमचा बर्फ मात्र बहुतेक याद्यांत जमिनीसारखाच धरतात.

पायथ्यापासूनची उंची आणि प्रॉमिनन्स एकच ना?

नाही. किलिमांजारो भोवतालच्या मैदानापासून साधारण ४९०० मीटर उठतो, तरी प्रॉमिनन्स ५८८५ आहे. ते मैदान समुद्रापासून उंचावर आहे आणि प्रॉमिनन्सला मैदानाशी देणंघेणं नाही, खिंडीशी आहे. पायथा कुठे सुरू होतो यावर वाद घालता येतो. खिंडीचा बिंदू एकच असतो, म्हणून हे माप पक्कं.

हवाईतल्या मौना केआचा प्रॉमिनन्स त्याच्या उंचीइतकाच, ४२०७ मीटर. समुद्राच्या तळापासून मोजला तर तो दहा हजार मीटरच्या वर जातो, पण नेहमीच्या हिशोबात पाणी हीच सीमा मानतात.

किती प्रॉमिनन्स असला की शिखर म्हणायचं?

हे ठरवणाऱ्यांवर आहे. आल्प्समधल्या चार हजार मीटरवरच्या शिखरांची यादी गिर्यारोहकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं १९९४ मध्ये केली तेव्हा ३० मीटरची अट मुख्य धरली. त्या यादीत ८२ शिखरं आहेत. ब्रिटनमध्ये १५० मीटर प्रॉमिनन्स असलेल्या टेकड्यांना मॅरिलिन म्हणतात. मग तिची उंची कितीही कमी असो. १५०० मीटरच्या पुढे गेलं की अल्ट्रा, आणि अशी शिखरं साऱ्या जगात सुमारे दीड हजार आहेत. ल्होत्से त्यांत नाही. सुप्रसिद्ध मॅटरहॉर्नही नाही, त्याचा प्रॉमिनन्स साधारण १०४० मीटर आहे.

जास्त प्रॉमिनन्स म्हणजे चढायला जास्त अवघड का?

मुळीच नाही. किलिमांजारोवर नेहमीच्या वाटेनं चालत जाता येतं (विरळ हवेचा त्रास होतो, तो वेगळा). मॅटरहॉर्नवर मात्र दोर लावून कडे चढावे लागतात. प्रॉमिनन्स उताराचा तीव्रपणा सांगत नाही.

पालक शिखर म्हणजे काय?

निर्णायक खिंड ओलांडून पलीकडच्या धारेनं चढत गेलं, की स्वतःहून उंच आणि प्रॉमिनन्सनंही मोठं असं जे शिखर लागतं, ते पालक शिखर. ल्होत्सेचं आणि केटूचंही पालक एव्हरेस्ट. देनालीचं पालक अकोंकाग्वा. पालक शिखर म्हणजे सगळ्यांत जवळचं उंच शिखर नव्हे. सगळ्यांत जवळची उंच जागा सरळ रेषेत किती लांब आहे, हे वेगळं माप आहे. अकोंकाग्वाच्या बाबतीत ते अंतर साडेसोळा हजार किलोमीटरच्या आसपास भरतं.

प्रॉमिनन्स उंचीपेक्षा जास्त असू शकतो का?

क्वचित. रशियात कॅस्पियन समुद्राजवळ बोल्शोये बोग्दो नावाचा डोंगर आहे, सुमारे १५० मीटर उंच. भोवतालचं मैदान समुद्रसपाटीच्याही खाली आहे, त्यामुळे खिंडीची उंची ऋण येते. ऋण संख्या वजा केली की बेरीज होते आणि प्रॉमिनन्स उंचीच्या पुढे जातो.

काढलेलं उत्तर बरोबर आहे का, हे कसं तपासायचं?

खिंडीच्या उंचीवर, पण किंचित वरून, शिखराभोवती एक बंद रेषा काढा. त्या रेषेच्या आत तुमच्या शिखराहून उंच एकही जागा नको. सापडली तर खरी खिंड अजून वर आहे. मग खिंडीच्या किंचित खालून रेषा काढा, तिच्या आत उंच शिखर आलंच पाहिजे. नाही आलं तर तुम्ही बुटक्या शेजाऱ्याकडे जाणारी खिंड धरली आहे, आणखी खाली उतरून शोधायला हवं. दोन्ही कसोट्या जमल्या की वजाबाकी पुन्हा एकदा करून बघा आणि उत्तराशेजारी नकाशावरच्या रेषांमधलं अंतरही लिहा, म्हणजे दुसऱ्याला तुमचं काम पडताळता येईल.